बुधवारची मासळी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

जुळे सोलापुरातून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ४१, खासगी नोकरी, घरी पोचायला संध्याकाळचे सात. पत्नी परिचारिका आहेत. आठवड्यातले काही दिवस त्यांची दुपारपाळी असते आणि घरी यायला रात्रीचे साडेनऊ-दहा वाजतात. त्या दिवशी स्वयंपाक यांच्याकडे. घरात आई आणि १२ वर्षांची मुलगी. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे असल्यामुळे कामाच्या दिवसांत मासळीला मंगळवार, बुधवार नाहीतर शुक्रवारच मिळतो.

दोन वर्षांपूर्वी रोहू खाताना मुलीच्या घशात काटा अडकला. दवाखान्यात जाऊन काढावा लागला. तेव्हापासून तिनं मासळी सोडली. ती परत खाऊ लागावी म्हणून वाचकांनी बासाचे बिनकाट्याचे फिलेट आणायला सुरुवात केली. आदल्या रात्री आलं-लसूण, तिखट, हळद आणि दोन लिंबांचा रस लावून मुरवत ठेवायचे, दुसऱ्या संध्याकाळी भाकरीच्या तव्यावर टाकायचे आणि नीट शिजावं म्हणून झाकण घालून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे. चार वेळा केलं. चारही वेळा पाणी सुटलं, तुकडी तव्याला धरली, उलटताना फुटली. शेवटच्या खेपेला मुलगी दोन घास खाऊन उठली. आई म्हणाल्या, "मासळी अशी घाईत होत नसते. ते रविवारचं काम आहे. त्याला वाटण लागतं, सवड लागते."

वाचक विचारतात : "चांगलं नॉनस्टिक पॅन घेऊ का? मसाला कमी पडतोय का? की आई म्हणते तेच खरं मानून हा नाद सोडून देऊ? दहा मिनिटांत केलेलं जेवण म्हणजे मनापासून न केलेलं, असं मलाही आतून वाटत राहतं."

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातले तीन शब्द मी परत परत वाचले : 'नीट शिजावं म्हणून'. तुम्हाला वाटतंय की घाईमुळे बिघडतंय. मला पत्रात घाई कुठेच दिसली नाही. रात्रभर मुरवलंत, झाकण घातलंत, पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिलीत. बिघडलं ते या वेळेमुळेच. तुम्ही मासळीला मटणाचे नियम लावलेत.

हे आपल्याकडे सहज होतं. आपल्या भागात सामिष स्वयंपाक म्हटला की डोळ्यांसमोर मटणच येतं. रविवारी सकाळी आणायचं, हळद-मीठ लावून शिजत टाकायचं, अळणी काढायची, कांदा-खोबरं भाजून वाटण करायचं, काळं तिखट घालून रस्सा उकळत ठेवायचा. त्यात तास-दीड तास जातो आणि जायलाच हवा. बकरं आयुष्यभर चालतं, चढतं, स्वतःचं वजन पायांवर पेलतं. त्यामुळे त्याच्या मांसातले धागे चिवट पडद्यांनी घट्ट बांधलेले असतात. ते पडदे विरघळायला वेळ लागतो आणि ते विरघळले की मटण मऊ होतं. मासा पाण्यात तरंगतो. वजन पाणी पेलतं, म्हणून त्याला एवढं बांधकाम लागतच नाही. त्याच्या मांसाच्या पाकळ्या असतात आणि त्या पाकळ्यांमध्ये अगदी नाजूक पडदे. थोड्याशा उष्णतेनं ते विरतात. आतलं मांस ६० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की पाकळ्या सुट्या व्हायला लागतात. ६३ अंशांना मासा पूर्ण शिजलेला मानतात. त्यापुढचं प्रत्येक मिनिट आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. तुमच्या तव्यात जे पाणी साचलं, त्यातलं बरंचसं मुलीच्या घासातला रस होता.

म्हणून मसाल्याचा प्रश्न आधी निकालात काढते. मसाला कमी पडत नाहीये. उलट तो थर अडचण करतोय. आलं-लसणाचं ओलं वाटण तुकडीवर जाड लावलं की तव्याला मासळी लागतच नाही, वाटण लागतं. ते ओलं असतं तोवर नुसती वाफ होते आणि वाळलं की लसूण करपतो. मासळीला रंग चढायला तिचा पृष्ठभाग कोरडा लागतो. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खरपूसपणा त्याच्या बराच वर सुरू होतो.

लिंबाचंही तसंच. लिंबाचा रस रात्रभर ठेवला की मासळी चुलीवर न जाताच अर्धी 'शिजते'. आंबटपणामुळे वरचं मांस पांढरं पडतं, भुसभुशीत होतं. अशी तुकडी तव्यावर एकसंध राहील ही अपेक्षाच चूक. लिंबू हवं, जरूर हवं, पण एक तर धुताना दोन मिनिटं लावून लगेच टिपून टाकायचं, नाहीतर ताटात वाढल्यावर पिळायचं. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या माशाला कधी कधी मातकट, चिखलाचा वास येतो. पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांपासून येणारा तो वास आंबटानं कमी होतो. हळद-मीठ-लिंबू लावायची आपली रीत म्हणजे नुसती अंधश्रद्धा नाही. फक्त ती मिनिटांची आहे, रात्रीची नाही.

आता तवा. तुम्ही भाकरीचा तवा वापरता हे वाचल्यावर मला निम्मं उत्तर मिळालं. भाकरीचा तवा कायम कोरडा तापतो, त्याला तेल माहीत नसतं. वर पिठाचा जळका थर असतो आणि मध्ये तो थोडा खोलगट असतो. त्यात तेल घातलं की ते मधोमध जमतं आणि तुकडीच्या कडा कोरड्या लोखंडावर बसतात. मांसातली प्रथिनं गरम धातूला चिकटतात ती तिथेच. शिवाय दुसऱ्या दिवशी गुरुवार. त्याच तव्यावर आईंना भाकरी टाकायची आहे, याचा विचार तुम्ही केला आहे का? पत्रात आईंची ही तक्रार कुठे नाही, पण त्यांच्या नाराजीत हा भाग असू शकतो. विचारून पाहा.

नॉनस्टिक पॅन घेतलं तर काम सोपं होईल, हे खरं. महागडं मात्र नको. जाड बुडाचं साधं पॅन पुरे आणि ते रिकामं, मोठ्या आचेवर तापवायचं नाही. माझी स्वतःची पसंती बिडाच्या सपाट तव्याला आहे. तो फक्त मासळीचा, वेगळा ठेवायचा. आणल्यावर धुऊन वाळवा, तेलाचं अगदी पातळ बोट फिरवा, धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा केलं की तव्यावर काळी तुळतुळीत कांती येते. मग तो नॉनस्टिकला मागे टाकतो आणि तुमच्या मुलीच्या संसारापर्यंत टिकतो. आंबट रस्सा मात्र त्यात उकळायचा नाही, ती कांती निघते आणि लोखंडाची चव उतरते.

आता बुधवारचं वेळापत्रक. सकाळी कामाला निघताना फिलेटचं पाकीट फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. पाकीट हवा काढून बंद केलेलं असेल तर त्याला एक चीर द्या. ओट्यावर ठेवून जाऊ नका. आपल्या उन्हाळ्यात बंद घर काय तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी विसरलात तर संध्याकाळी पाकीट नीट बंद करून गार पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास बुडवा. बऱ्याच पाककृतींत वाहत्या नळाखाली धरा असं सांगतात. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते कुणी करू नये, पातेलं पुरतं. पाकीट फुटलेलं नसेल तर ते पाणी झाडांना घाला.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक गाळतात. तुकड्या टिपा. सोलापुरात राहून टॉवेलचा तोटा नाही. जुना, धुतलेला एक सुती पंचा मासळीसाठी वेगळा काढा. तुकडी त्यावर ठेवा, वरून दुसरी बाजू दुमडा आणि तळहातानं हलकेच दाबा. पंचा ओला होईल. तुकडी उचला, पंच्याच्या कोरड्या भागावर ठेवा, परत दाबा. मग दोन्ही बाजूंना मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात भाकरी थापा किंवा कोशिंबीर करा. परत येऊन पाहाल तर वर दवासारखे थेंब आलेले दिसतील. तेही टिपा. गोठवलेल्या बासात पाणी जास्त असतं. वर बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, आणि काही पाकिटांवर घटकांमध्ये फॉस्फेट लिहिलेलं दिसतं, ते पाणी धरून ठेवण्यासाठी घालतात. असं पाकीट शक्यतो घेऊ नका. घेतलंत तर एक वेळ जास्त टिपा. काम झालं की पंचा गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका.

फिलेटची एक बाजू जाड असते आणि शेपटीकडची पातळ. अख्खी तुकडी तव्यावर टाकली की जाड भाग शिजेपर्यंत पातळ भाग वाळून जातो. सुरीनं तिथेच दोन भाग करा. जाड भाग आधी टाका, पातळ भाग दोन-तीन मिनिटांनी. एवढ्या साध्या गोष्टीनं निम्म्या तक्रारी मिटतात.

तिखट-हळद अगदी चिमटीनं लावा. मग तव्यावर टाकायच्या क्षणी कोरड्या पिठात घोळवा आणि झटका. मी ज्वारीचं पीठ वापरते, त्यात चमचाभर तांदळाचं पीठ. ज्वारीचा पापुद्रा पातळ आणि कुरकुरीत होतो आणि त्याला एक भाजका वास येतो, तो आपल्या जिभेच्या ओळखीचा. पीठ आधीपासून लावून ठेवू नका, ते ओलं होऊन लगदा होतो.

तवा मध्यम आचेवर नीट तापू द्या. दोन मोठे चमचे शेंगतेल किंवा करडईचं तेल. तेल तव्यावर पाण्यासारखं पातळ पळायला लागलं की चिमूटभर पीठ टाकून पाहा. लगेच चुरचुरलं तर तयार, धूर यायला लागला तर आच कमी. तुकडी तुमच्या बाजूनं टेकवून पलीकडे निजवा, म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. उलथन्यानं दहा सेकंद हलकेच दाबून धरा, कडा वर वळत नाहीत. आणि मग हात मागे घ्या.

इथे कसोटी लागते. तुकडी टाकली की सगळ्यांनाच ती हलवून पाहायची असते. हलवू नका. सुरुवातीला ती तव्याला धरतेच. खालचा पापुद्रा तयार झाला की आपोआप सोडते. तुम्ही कड बघत राहा. कच्ची तुकडी काचेसारखी, किंचित पारदर्शक असते. खालून दुधासारखा पांढरा रंग वर चढायला लागतो. जाडीच्या दोन-तृतीयांश भागापर्यंत तो चढला की उलथनं खाली सरकवून पाहा. सहज सुटली तर उलटा. अडली तर अर्धं मिनिट थांबा. बोटाच्या जाडीच्या, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटरच्या तुकडीला पहिली बाजू साधारण चार मिनिटं, दुसरी दोन. झाकण नाही. झाकणानं वाफ कोंडते आणि तुम्ही कमावलेला पापुद्रा मऊ पडतो.

झालं की नाही हे घड्याळापेक्षा सुरी चांगलं सांगते. सर्वांत जाड जागी टोक घालून किंचित उघडा. पाकळ्या सुटत असतील आणि मध्ये काचेसारखा भाग उरला नसेल, तर झालं. गोड्या पाण्यातला मासा कच्चा ठेवायचा नाही, एवढी काळजी घ्याच. पण खात्री करायची ती या सुरीच्या टोकानं. आणखी दहा मिनिटं ठेवून खात्री होत नाही, फक्त मासळी वाळते. तव्यावर एका वेळी दोन-तीनच तुकड्या ठेवा, गर्दी झाली की पुन्हा वाफ. चौघांसाठी अर्धा-पाऊण किलो धरलं तर दोन घाण्यांत काम होतं.

वरून काय घालायचं? आमच्या घरी गरम तुकडीवर शेंगाचटणी भुरभुरवतात आणि लिंबू पिळतात. खलबत्त्यात कुटलेल्या, तेल सुटलेल्या चटणीतलं तिखट-लसूण त्या सौम्य मासळीला पुरेपूर होतं. रस्सा लागतच असेल तर कढल्यात चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, एक मिरची, चिंचेचा दोन चमचे कोळ, चिमूटभर गूळ, अर्धी वाटी पाणी घालून दोन उकळ्या द्या आणि ताटात तुकडीच्या बाजूला वाढा. वरून ओतू नका.

बासाबद्दल दोन शब्द. आपल्याकडे या नावानं जे मिळतं ते बहुतेक पंगस जातीच्या माशाचं मांस असतं. काही व्हिएतनाममधून येतं, काही आपल्याकडच्या तळ्यांत वाढवलेलं. वाईट नाही. सौम्य आहे, वर्षभर मिळतं, शिकायला बरं. पण त्यापासून सुरमई-बांगड्याच्या तेलकट मासळीसारखा हृदयाला फायदा होईल अशी आशा कुणी धरू नये, त्यात ते तेल फार थोडं असतं. प्रथिनं मिळतात, तेवढं पुरे.

आणि आपल्या उजनीला का विसरता? धरणातला चिलापी हा पांढऱ्या, घट्ट मांसाचा मासा आहे. मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला गेला. आता उजनीच्या पट्ट्यातल्या मासेमारीत तो एवढा रुळलाय की भिगवणकडे लोक खास त्यासाठी गाडी थांबवतात. मासळीवाल्यांना सांगून त्याचे फिलेट काढून घेता येतात, मात्र सगळेच काढून देत नाहीत. आपल्याकडे आडव्या तुकड्या करायची रीत आहे, म्हणून गर्दीची वेळ टाळून जा आणि नीट समजावून सांगा. एक किलो माशातून ३०० ते ३५० ग्रॅम फिलेट निघतं, हे धरून हिशेब करा. डोकं आणि मधला काटा टाकून देऊ नका, त्याकडे मी परत येणार आहे. मरळ मिळाली तर फारच छान. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिला कोरमीनू म्हणतात आणि तिचा मान मोठा आहे.

रोहू, कटला मात्र तुमच्या मुलीसाठी सध्या नको. या माशांच्या मांसात मधोमध बारीक, दुफाट्याचे काटे विखुरलेले असतात. ते मुख्य काट्याला जोडलेले नसतात, म्हणून फिलेट काढलं तरी आत राहतात. तिच्या घशात गेला तो बहुधा यातलाच. चिलापीत आणि पंगसात हे काटे नसतात. चिलापीच्या फिलेटमध्ये डोक्याकडच्या बाजूला मधल्या रेषेत एक छोटी रांग असते, ती इंग्रजी व्ही आकारात कापून काढता येते.

आता मुलीबद्दल, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललंय. तुम्ही तिला सांगितलं असणार, "बाळा, यात काटा नाही, खा." ती का विश्वास ठेवील? मागच्या वेळीही कुणीतरी मोठ्या माणसानं काटे काढूनच ताट वाढलं असेल. तिला भरवू नका, तिला ओट्यापाशी बोलवा. टिपलेली कच्ची तुकडी समोर ठेवा. डोक्याकडून शेपटीकडे आधी तुम्ही बोट फिरवा, मग तिला फिरवू द्या. काटा असेल तर बोटाला टोचतो, त्यात फसवणूक नाही. एखादा लागला तर छोटा चिमटा तिच्या हातात द्या आणि डोक्याच्या दिशेनं, तिरका ओढायला सांगा. चिमट्यात आलेला तो काटा तिला वाटीत ठेवू द्या. मग हात साबणानं धुऊन घ्या. जी तुकडी तिनं स्वतः तपासली, तीच तिच्या ताटात वाढा, आणि मग ती दोन घास खाते की चार, तिकडे बघत बसू नका. एका बुधवारी नाही खाल्लं तर पुढचा बुधवार आहे. सोबत वरण-भात असू द्या, म्हणजे उपाशी राहण्याची धास्ती नाही.

पत्र वाचणाऱ्या इतर आई-वडिलांसाठी : घशात काटा अडकला तर भाताचा गोळा, केळं किंवा कोरडी भाकरी गिळायला लावू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो. टोचत राहिलं तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल, तोंडातून रक्त येत असेल किंवा थुंकीही गिळवत नसेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न. तो तुम्ही सगळ्यांत हळू आवाजात विचारलाय, पण मला तोच खरा वाटला : दहा मिनिटांत केलेलं जेवण म्हणजे मनापासून न केलेलं का?

माझे वडील गिरणीत होते. दुसऱ्या पाळीहून मध्यरात्र उलटल्यावर घरी यायचे. मरळ आणली असेल त्या दिवशी आमची जेवणं आठलाच व्हायची, पण त्यांच्या वाट्याची तुकडी आई तव्यावर टाकायची ती त्यांची सायकल दाराशी टेकल्यावर. झोपेत मला तो चर्र आवाज यायचा. ते हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत तुकडी ताटात. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. ती तुकडी संध्याकाळीच तळून झाकून ठेवणं आईला किती सोयीचं होतं! तिनं ते कधी केलं नाही.

तुमच्या आई म्हणतात ते त्यांच्या स्वयंपाकासाठी खरं आहे. रस्सा सवडीनंच होतो. त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांचा रविवार काढून घेऊ नका. उजनीची चिलापी अख्खी आणा, फिलेट वेगळे करा, आणि डोकं व मधला काटा स्वच्छ धुऊन त्यांच्या हवाली करा. माशाच्या कालवणाला खरी चव त्यांतूनच येते. शनिवार पाळता, म्हणजे खरेदी रविवारी सकाळी. दुपारी आईंचं कालवण, आणि फिलेट तुकड्या सुट्या करून, पिशवीत हवा न ठेवता बांधून फ्रीजरमध्ये, बुधवारसाठी. एकाच माशात दोघांची कामं होतात. मुलीला त्या कालवणातला नुसता रस्सा गाळून भातावर द्या. आणि बुधवारी ताटं मांडून, सगळ्यांना बसवून, भाकऱ्या झाल्यावर सगळ्यांत शेवटी तवा ठेवा. पहिली तुकडी आईंच्या ताटात. दात नसलेल्या किंवा कमी असलेल्या माणसाला एवढी मऊ, बिनकाट्याची मासळी किती सुखाची असते हे त्यांना बोलून दाखवायची गरज पडणार नाही.

वासाची चिंता असेल तर खिडकी आधी उघडा, तेलाचा धूर होऊ देऊ नका आणि तवा जेवणानंतर लगेच, कोमट असतानाच पुसून घ्या. घरात रेंगाळतो तो वास बहुतेक जळक्या तेलाचा आणि रात्रभर पडून राहिलेल्या तव्याचा असतो. हाताला थोडं बेसन चोळून धुवा.

आणि तुमच्या पत्नीच्या वाट्याची तुकडी सगळ्यांबरोबर करू नका. शिजलेली मासळी परत गरम केली की ती कोरडी होते आणि वासही वाढतो. त्यांची तुकडी मीठ लावून, टिपून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. पीठ ताटलीत काढून ठेवा, लिंबाची फोड कापून ठेवा. खाली गाडीचा आवाज आला की तवा चढवा. त्या कपडे बदलून, तोंड धुऊन येईपर्यंत पहिली बाजू झालेली असेल.